चिनी नववर्षाचं जेवण दुपारी चार वाजता: घरची ही पद्धत ठेवावी की बदलावी?

डॉकयार्डची लेक, भांडुप

नमस्कार. मी इथे एरवी नुसती वाचते. आज विचारायचं आहे म्हणून लिहिते आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझे बाबा मुंबईतले चिनी आणि आई लालबागची, गिरणी कामगाराची मुलगी. बाबांचे वडील ग्वांगडाँग प्रांतातून बोटीवर सुतार म्हणून आले आणि माझगावला राहिले. माझा जन्म १९८४चा. डॉकयार्ड रोड स्टेशनपासून पाच मिनिटांवर एका जुन्या इमारतीत आम्ही राहायचो. बाबांच्या आईला मी माःमाः म्हणायचे. ती तिच्या गावच्या बोलीत बोलायची, आई मराठीत, आणि दोघींचं स्वयंपाकघरात व्यवस्थित चालायचं.

चिनी नवं वर्ष या वेळी, म्हणजे २०२६ला, १७ फेब्रुवारीला आहे. बहुतेक वर्षी ते माघी गणपतीच्या तीन-चार दिवस आधी येतं. यंदा माघी गणपती होऊनही गेला आणि नवं वर्ष अजून यायचंय. आदल्या दिवशीचं, म्हणजे सोमवार १६चं जेवण हा या सणाचा गाभा. घरातलं माणूस कुठेही असो, त्या जेवणाला त्याने घरी यायचं.

आमच्याकडे हे जेवण दुपारी चार वाजता व्हायचं.

मी शाळेतून आले की गणवेशातच बसायचे. घडीचं गोल टेबल मधल्या खोलीत उघडायचं आणि भिंतीला लावलेला पलंग उभा करायचा. अख्खं पापलेट, डोकं-शेपटीसकट वाफवलेलं, वर आल्याच्या सळ्या आणि पातीचा कांदा. मग माःमाः कडकडीत तेलाचा डाव त्यावर ओतायची आणि चर्र आवाज व्हायचा. त्या आवाजाने जेवण सुरू झालं असं मी धरायचे. पापलेटाची एक बाजू तशीच ठेवायची, कारण चिनीत ‘मासा’ आणि ‘शिल्लक’ या दोन शब्दांचा उच्चार सारखा. वर्ष सरताना घरात काही शिल्लक असावं. मला तेव्हा ती दुसरी बाजू खायची असायची आणि दरवर्षी मी मागायचे. उरलेलं पापलेट दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच ताटात यायचं.

पाच वाजता बाबा निघून जायचे. रात्री माःमाः मला आणि आईला घेऊन नवाब टँक रोडवरच्या सी यप कून देवळात जायची. १९१९ सालचं ते देऊळ. सी यप म्हणजे चार तालुके. त्या चार तालुक्यांतून आलेल्या माणसांनी ते उभं केलं. खाली क्वान यिन, करुणेची देवी, आणि लाकडी जिना चढून वर गेलं की तांबड्या चेहऱ्याचा क्वान कुंग, न्यायाचा आणि शौर्याचा देव. उदबत्त्यांचा धूर एवढा की डोळ्यांतून पाणी यायचं. बाराला सगळे एकमेकांना ‘गुंग हेई फात चोय’ म्हणायचे आणि माझ्या हातात लाल पाकिटं पडायची. त्यांना आम्ही लायसी म्हणतो. दीडच्या सुमारास बाबा यायचे. मी जिन्यावर माःमाःच्या मांडीवर झोपलेली असायचे, ते मला खांद्यावर टाकून घरी न्यायचे. त्यांच्या शर्टाला तेलाचा आणि सोया सॉसचा वास असायचा. तो वास मला देवळाचाच वाटायचा.

एकच वर्ष असं आठवतं की रात्री बाहेर पडलो नाही. १९९३. नवं वर्ष २३ जानेवारीला होतं आणि शहर नुकतं दंगलीतून निघत होतं. माःमाःने खिडकीतच तीन उदबत्त्या लावल्या.

दहावीला असताना मी आईला विचारलं, आपण चारलाच का जेवतो गं? मला वाटत होतं की सगळे चिनी चारला जेवतात. आई भांडी घासत होती. म्हणाली, “अगं, पाचला ह्यांची ड्यूटी नाही का?” बाबा कुलाब्याच्या एका चिनी हॉटेलात स्वयंपाकी होते. नवीन वर्षाच्या आदल्या रात्री तिथे वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी. दुसऱ्यांची कुटुंबं जेवायला यायची, म्हणून आमचं कुटुंब चारला जेवायचं. इतकं साधं कारण. पण त्या दिवसापासून तो सण माझ्यासाठी वेगळा झाला. त्याआधी तो आपोआप येत होता, पावसासारखा. त्यानंतर मला दिसायला लागलं की कोणीतरी तो जमवून आणत होतं.

दुसरी गोष्ट नाण्याची. लालबागकडची मंडळी वाढदिवसाला पाकीट द्यायची, एक्कावन्न रुपये, कधी एकशे एक. वरचा एक रुपया पाकिटाला चिकटवलेला. माःमाः ते पाकीट हातात घ्यायची, नाणं अलगद सोडवायची आणि माझ्या मुठीत द्यायची. हा तुझा, खाऊला. मला लालबागची पाकिटं म्हणूनच जास्त आवडायची. २०१० साली माझं लग्न झालं. आमच्यात लग्न झालं की लायसी घ्यायची नाही, द्यायची. २०११च्या नववर्षाच्या आदल्या रात्री मी पहिल्यांदा कोऱ्या नोटा पाकिटात भरायला बसले आणि सवयीने प्रत्येकात एकेक रुपया टाकायला लागले. माःमाःने माझा हात धरला. म्हणाली, आनंदाच्या पाकिटात सम आकडा, त्यात चार नको. एकाने संपणारा आकडा आम्ही मयताच्या घरी देतो.

म्हणजे तीस वर्षं माझ्या आईच्या माहेरचे लोक प्रेमाने जो आकडा देत होते तो तिच्या लेखी मयताचा होता. आणि तिने एका शब्दाने कोणाला कळू दिलं नाही. नुसता तो रुपया काढून घेतला आणि पोरीला खाऊला दिला. २०१३ला माःमाः गेली, त्यानंतर मी हे आईला सांगितलं. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मला सांगायचं होतं गं त्यांनी.”

बाबा २०१९ला गेले. अँटॉप हिलच्या चिनी कबरस्तानात आजोबा-माःमाःजवळ आहेत. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग येतो, तेव्हा आम्ही जाऊन गवत काढतो, दगड धुतो, संत्री आणि चहाचे तीन छोटे कप ठेवतो. लहानपणी ती माझी सहल होती. आता उन्हात गवत उपटताना दगडावरची बाबांची अक्षरं मला वाचता येत नाहीत, याचं फार वाईट वाटतं. चिनी लिहा-वाचायला मला कोणी शिकवलं नाही आणि मीही मागे लागले नाही.

आता प्रश्न. मी अजून जेवण चारलाच करते. अर्धा दिवस रजा टाकते, लेक शाळेतून येते, नवरा कसाबसा पोचतो, सासूबाई असतात, आई लालबागहून येते. पाच वाजता कोणालाच कुठे जायचं नसतं. लेक अकरा वर्षांची आहे. ती व्हिडिओ बघते आणि गेल्या वर्षी तिने मला विचारलं, “आई, आपण सगळं चुकीचं करतो का?” जेवण रात्री हवं. मोदकासारखे ते डंपलिंग हवेत, आपल्याकडे कधीच नसतात. आणि लाल कागदावरची अक्षरं दाराच्या बाहेर लावतात, आपण आतल्या बाजूला लावतो. हे शेवटचं खरं आहे. बाबा नेहमी आतूनच लावायचे. विचारलं तर म्हणायचे, बाहेर रंग उडतो.

ज्या कारणासाठी एखादी पद्धत पडली ते कारण संपल्यावर ती ठेवायची का? आणि मुलीला काय म्हणून सांगायची? ज्यांच्या घरात असं काही आहे त्यांनी कृपया लिहा.

पूर्वेचा वाटसरू, डोंबिवली

ताई, मी यंत्रांच्या व्यवसायात होतो. २००९ ते २०१८ ग्वांगचौला राहिलो, म्हणजे तुमच्या आजोबांच्याच प्रांतात. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहितो.

डंपलिंगचं आधी. ते उत्तरेकडचं. उत्तर चीनमध्ये गहू पिकतो, तिथे आदल्या रात्री घरातले सगळे मिळून ते वळतात. टीव्हीवर आणि व्हिडिओत तेच दिसतं. दक्षिणेकडे भाताचा मुलूख, तिथे चिकट तांदळाच्या पिठाचा गोड केक, अख्खा मासा, अख्खी कोंबडी. तुमच्या घरात डंपलिंग नव्हते यात काही चुकलं नाही. पंजाबातलं लग्न बघून कोकणातल्या मुलीने आपल्या लग्नाला चूक म्हणावं, तसं होईल ते.

वेळेचंही तसंच. चीनमध्ये सगळीकडे रात्री जेवतात असं नाही. काही भागांत दुपारीच जेवतात, काही ठिकाणी तर सकाळी. आणि ग्वांगचौमध्ये माझ्या खोलीखालच्या हॉटेलातले लोक नेमकं तुमच्या बाबांसारखंच करायचे. संध्याकाळी सगळी टेबलं लोकांच्या घरच्या जेवणांसाठी राखून ठेवलेली असायची, म्हणून मालक, स्वयंपाकी, भांडी घासणारी मावशी, सगळे तीनच्या सुमाराला शटर अर्धं ओढून एका टेबलावर बसायचे. मला एका वर्षी हाक मारून बसवून घेतलं. मी शाकाहारी, मला नुसता भात आणि मोहरीचा पाला दिला, पण जागा मधली दिली.

तिथल्या माझ्या वयाच्या लोकांकडून एकच तक्रार ऐकायचो, की लहानपणची चव राहिली नाही. लहानपणी वर्षातून एकदा नवे कपडे आणि पोटभर मांस मिळायचं. आता रोजच मिळतं. बऱ्याच शहरांत फटाक्यांवर बंदी आली. २०१४पासून लाल पाकिटं मोबाइलवर जायला लागली. माझ्या कारखान्यातला एक फोरमन म्हणायचा की पूर्वी घरी जायची ओढ असायची, आता तिकिटाची काळजी असते, आणि घरी गेलं की लग्न कधी, पगार किती, हेच विचारतात. पण दरवर्षी तो उभ्याने प्रवास करून का होईना, जायचाच.

लायसीचं मात्र ग्वांगडाँगमध्ये फार छान आहे. रक्कम अगदी छोटी असते, पाच-दहा युआन. पण देतात सगळ्यांना, वॉचमनला, झाडूवालीला, ऑफिसातल्या बिनलग्नाच्या पोरांना. मी पन्नाशीचा आणि लग्न झालेला, तरी परका म्हणून पहिल्या वर्षी मला मिळाली. दुसऱ्या वर्षी माझ्याकडून वसूल केली.

आणि तारखेचं तुम्ही लिहिलंत त्याचा उलगडा. त्यांच्याकडेही आपल्यासारखा अधिकमास असतो, एकोणीस वर्षांत सात. त्यांनी तो २०२५मध्ये घातला, सहाव्या महिन्यानंतर. आपला अधिक ज्येष्ठ २०२६च्या मे महिन्यात येतो. त्यामुळे मधल्या काळात त्यांचे सण आपल्यापेक्षा एक महिना पुढे सरकले. म्हणूनच २०२५ला त्यांची शरद पौर्णिमा आणि आपली कोजागरी एकाच दिवशी आली, ६ ऑक्टोबरला. २०२४ला तीच त्यांची पौर्णिमा १७ सप्टेंबरला होती, आपल्या अनंत चतुर्दशीच्या दिवशी.

अनघा, ठाणे

मी थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका.

माझ्या आईने दिवाळीचा फराळ घरीच करायचा म्हणून पंचवीस वर्षं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चकल्या पाडल्या. दिवसा शाळेत शिकवायची. आम्हा मुलींना ते ‘दिवाळीचं वातावरण’ वाटायचं. मी स्वतः नोकरी करत चकल्या पाडायला बसले तेव्हा कळलं की ते वातावरण म्हणजे तिची झोप होती. मी सोडलं. शेजारच्या काकू ऑर्डर घेतात, त्यांच्याकडून आणते. करंज्या तेवढ्या घरी करते कारण मला करायला आवडतात.

तुम्ही अर्धा दिवस रजा टाकता, नवरा धावत येतो. बाबांना जेवायला मिळावं म्हणून चार वाजले होते. आता तुमच्या घरातल्या माणसांना निवांत जेवता यावं म्हणून आठ वाजले तर बाबांचाच विचार पाळला असं मला वाटतं. घड्याळ पाळायचं की माणसांची सोय पाळायची? पद्धत पडली ती सोयीसाठीच ना.

नाण्याचं वाचून मात्र डोळ्यांत पाणी आलं. तुमच्या माःमाःला माझा नमस्कार.

मीनल

तो चिकट तांदळाचा केक घरी कसा करतात? पीठ मुंबईत कुठे मिळतं?

डॉकयार्डची लेक, भांडुप

मीनलताई, आम्ही त्याला निन-गो म्हणतो. दोन वाट्या चिकट तांदळाचं पीठ, एक वाटी गूळ, सव्वा वाटी पाणी. गूळ पाण्यात विरघळवून, गाळून, गार करून पिठात घालायचा, गुठळी राहू द्यायची नाही. तेल लावलेल्या डब्यात ओतून तासभर वाफवायचं. आपलं मोदकाचं पीठ चालत नाही, त्याला ती ओढ येत नाही. बाबा हॉटेलातून आणायचे, मी आता ऑनलाइन मागवते. एक दिवस मुरू द्या, मग काप करून अंड्यात बुडवून तव्यावर परता. लेकीला तेच सगळ्यात जास्त आवडतं.

अनघाताई, राग कसला. आईही असंच म्हणते. विचार करते आहे.

जुना माझगावकर

मी १९५४चा. माझगावातच वाढलो, आता विरारला मुलाकडे असतो. तुमची इमारत कोणती ते विचारत नाही, पण तुमच्या देवळाचे फटाके आम्ही गच्चीवरून ऐकायचो.

आधी चार वाजताबद्दल. माझे वडील बेस्टमध्ये कंडक्टर. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बहुतेक वेळा त्यांची पाळी असायची. आई मुहूर्तावर दिवा लावून घ्यायची, पण पूजा वडील आल्यावर, रात्री अकरा-साडेअकराला. आम्ही पोरं पेंगत बसायचो. वडील हातपाय धुऊन, खाकी गणवेश उतरवून बसायचे आणि तिकिटाच्या पैशांतली म्हणून वेगळी काढलेली एक नवी नोट, स्वतःच्या खिशातली भरपाई करून, पूजेत ठेवायचे. निवृत्त झाल्यावर पहिल्या वर्षी आईने पूजा संध्याकाळी सातला मांडली. पूजा झाली, प्रसाद झाला. अकरा वाजता वडील उठून पुन्हा देवासमोर जाऊन बसले. आईने काही विचारलं नाही. पुढच्या वर्षीपासून पूजा परत अकराला. दोघंही गेल्यावर मी सातला करतो, पण अकराला एक निरांजन लावतो. तुम्हाला काय करा हे मी सांगू शकत नाही, आमच्याकडे असं झालं एवढंच.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तुमच्या दारावरच्या लाल कागदांचं.

आमच्या इमारतीत तळमजल्याला एक चिनी कुटुंब होतं. सुतारकाम करायचे. माझ्या लहानपणी नव्या वर्षाला त्यांच्या दाराच्या बाहेर दोन्ही बाजूंना लांब लाल कागद असायचे, काळ्या शाईची अक्षरं. आम्ही पोरं त्यांना हात लावून बघायचो. मग १९६२चं युद्ध झालं, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. मी आठ वर्षांचा होतो. त्या वेळी देशात चिनी वंशाच्या माणसांवर काय आलं ते तुमच्या घरात ठाऊक असेल. आसाम-बंगालकडून धरून सुमारे ३००० माणसांना, बायका-पोरांसकट, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं होतं. त्यातले कितीतरी इथेच जन्मलेले. मुंबईतलेही बरेच लोक त्या काळात देश सोडून गेले.

आमच्या तळमजल्यावरच्या दाराचे लाल कागद त्या थंडीत निघाले. खालच्या चिकटवण्याचा पांढरा पट्टा राहिला होता तो मला आजही दिसतो. पुढच्या जानेवारीत त्यांचं नवं वर्ष आलं तेव्हा फटाके नाहीत, काही नाही. रथसप्तमीच्या आत आई त्यांच्याकडे हळदीकुंकवाचं वाण द्यायला गेली. दरवर्षी जायची. परत येऊन वडिलांना हळू आवाजात म्हणाली, “कागद आतून लावलेत हो त्यांनी.” वडील काही बोलले नाहीत. मला तेव्हा काही कळलं नाही, पण ते वाक्य राहिलं.

तुमच्या घरातलं कारण हेच असेल असा माझा दावा नाही. रंगही उडतो, माझगावला खारी हवा आहे. पण तुमच्या आत्या-काका कोणी असतील तर एकदा विचारा.

ते कुटुंब १९६५च्या सुमाराला निघून गेलं. जाताना त्यांनी माझ्या आईला लाकडाचा एक छोटा चौरंग करून दिला. तो आमच्या देवघरात आहे.

डॉकयार्डची लेक, भांडुप

काका, तुमचं उत्तर मी शुक्रवारी रात्री वाचलं आणि झोप लागली नाही. शनिवारी सकाळी आत्याला फोन केला. ती टोरंटोला असते, शहात्तर वर्षांची आहे. बाबा तिच्यापेक्षा सात वर्षांनी लहान.

मी नुसतं विचारलं, आत्या, आपले लाल कागद आतून का लावायचे? ती इतका वेळ गप्प राहिली की मला वाटलं फोन कटला. मग बोलली. आमचेही आधी बाहेरच असायचे. आजोबा ओल्या फडक्याने भिजवून भिजवून स्वतः काढत होते, फाटू नयेत म्हणून, आणि ती बादली धरून उभी होती. त्या काळात आजोबांना पोलिसांकडे हजेरी द्यायला जावं लागायचं. रविवारचा फेरफटका बंद झाला, शेजारच्या मुलांशी खेळणं काही महिने बंद झालं. बाबा तेव्हा पाच वर्षांचे होते. त्यांनी आजोबांना विचारलं की कागद का काढता, आणि आजोबा म्हणाले, बाहेर रंग उडतो.

म्हणजे बाबांनी मला तेच वाक्य जसंच्या तसं दिलं. त्यांना खरं कारण माहीत होतं का, आत्यालाही सांगता येईना. ती म्हणाली, “विचारलं नाही कधी. आम्ही त्याबद्दल बोलायचोच नाही.” १९९३ला माःमाःने खिडकी अर्धी लावून उदबत्त्या का लावल्या, आणि त्या रात्री ती दाराकडे एवढं का बघत होती, हेही मला आता वेगळं आठवायला लागलं आहे.

लेक शेजारी बसून ऐकत होती. तिला मी सगळं सांगितलं, देवळीच्या छावणीसकट. ती अकरा वर्षांची आहे, झेपेल की नाही असं वाटलं होतं. तिने एकच विचारलं, की मग आता कोणी आपल्याला काही म्हणेल का? मी तिला खरं ते सांगितलं. कधी कधी ट्रेनमध्ये मला लोक काहीबाही हाक मारतात, २०२०मध्ये जास्त झालं होतं. पण आपल्या मजल्यावर कोणी काही म्हणणार नाही. ती म्हणाली, मग बाहेर लावूया.

तर ठरलं ते असं. जेवण चारलाच. अनघाताई, तुमचं म्हणणं मी नवऱ्यासमोर मांडलं, आठला करूया का विचारलं. तो म्हणाला, वर्षातून एक दिवस ऑफिसातून तीनला निघायला मला कारण मिळतं ते काढून घेऊ नकोस. माझंही मन चारातच आहे. पाच वाजता बाबांची खुर्ची रिकामी व्हायची, आता ती आधीपासूनच रिकामी असते, पण त्या वेळेला आम्ही सगळे टेबलाशी असतो. डंपलिंग लेक स्वतः करणार आहे. सासूबाई तिला पारी लाटून देणार आहेत, त्यांचा मोदकाचा हात आहे. पापलेटाच्या बाबतीत माझा वाद होता, भाव फार चढलाय, पण आईने सांगितलं की ती लालबागहून येताना घेऊनच येईल, मी बघायचं नाही.

पाकिटांत वीस रुपये, कोऱ्या दोन नोटा. वॉचमन काका आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनाही देणार आहे, वाटसरूदादांनी लिहिल्याप्रमाणे. लालबागच्या मामाचं पाकीट नेहमीप्रमाणे एक्कावन्नाचं येईल. त्यावरचा रुपया मी काढून लेकीच्या हातात देणार, आणि या वर्षी तिला कारणही सांगणार.

कागद मात्र बाहेर. देवळात एक वयस्कर गृहस्थ अजून कुंचल्याने लिहून देतात, त्यांना रविवारी भेटून आले. आमच्या दाराला सासूबाईंचं तोरण कायम असतं, त्यामुळे वरची आडवी पट्टी बसेल का याची शंका होती. सासूबाईंनी टेपने मोजलं. तोरणाच्या खाली सात इंच जागा उरते, पट्टी सहा इंचांची आहे. बाजूचे दोन कागद चौकटीवर नीट बसतात. माःमाः चिकटपट्टी वापरायची नाही, कणकेची खळ शिजवायची. सोमवारी सकाळी मी पातेलं भरून खळ करणार आहे आणि कागद लेक लावणार आहे. आत्याने व्हिडिओ कॉल लावून ठेवायला सांगितलं आहे. तिच्याकडे तेव्हा रविवारची रात्र असेल, ती जागी राहणार आहे.

काका, विरारहून जमलं तर चार वाजता या.